नुसता घेणारा रक्तगट

प्रिय ताई,

नमस्कार. आधी हे वाच आणि मग श्वास सोड: भावजी शुद्धीवर आहेत, आज थोडं पाणीही प्यायले. पायाचं काय ते डॉक्टर नंतर बघणार आहेत.

आता मला बोलू दे, डोकं नुसतं तापलंय. भावजी गोदामात शिडीवरून पडले आणि खूप रक्त गेलं. रक्त द्यायला आम्ही सगळे धावलो. आमच्या गोदामाच्या साहेबांनी रक्तपेढीच्या दारातच गट विचारला. मी म्हटलं, "एबी." ते सगळ्यांसमोर हसले. "तुझा गट नुसता घेणारा! त्यांचा ए. तुझं रक्त काय कामाचं? जा कामावर." ओ गटवाल्यांना तेवढं आत सोडलं.

ओचं रक्त चढवलं, पण रक्तस्राव थांबेना. रक्त गोठायला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, हवा होता आणि पेढीतला संपला होता. तिथल्या बाई बाहेर येऊन ओरडल्या, "ओच्या तांबड्या पेशी ए गटाला चालतात, पण प्लाझ्मा चालत नाही! त्याचं सगळं उलटं असतं. एबीचा कुणालाही चालतो. आहे का कुणी?"

होतो ना! गोदामात खोकी उचलत होतो. निरोप मिळताच पळत सुटलो.

माझ्या रक्तातून काढलेला प्लाझ्मा चढवला आणि रक्तस्राव थांबला. आणखी उशीर झाला असता तर, हा विचारच नको.

आई जेवते ना? भावजींचा पाय मुरगळलाय एवढंच तिला सांग.

साहेब इथे "सगळी सोय मीच केली" म्हणत फिरतायत. तुलाही फोन करतील. त्यांचे आभार मानलेस तर याद राख.

तुझाच,
धाकटा