गच्चीवरचं आदर्श वांगं

१ सप्टेंबर
काल रिटायर झालो. कृषी सहायक म्हणून चौतीस वर्षं शहादा तालुक्याला वांगी लावायला शिकवलं. आता स्वतः लावणार. गच्चीवर बारा कुंड्या, नंबर टाकून. टार्गेट चाळीस किलो. डिसेंबरात भरीतपार्टी. कळसाडीच्या सुकलालला आजच फोनवर आमंत्रण दिलं. माझा सल्ला त्याने कधी मानला नाही. खाऊन मानेल.

२० सप्टेंबर, सकाळी ७
चार रोपांनी माना टाकल्या. हिने विचारलं, पाणी किती घालता. तक्ता दाखवला. एक जादा रोप होतं, ते हिने न विचारता मोरीच्या पाइपाखाली खोचलं. अनसायंटिफिक.

१४ ऑक्टोबर
पाच उरली. चूक रोपवाटिकेची. लेखी तक्रार करणार.

२ नोव्हेंबर
फवारणी केली. प्रमाण तोंडपाठ होतं.

४ नोव्हेंबर
प्रमाण बहुधा एकराचं होतं.

१२ नोव्हेंबर
बाराही कुंड्या रिकाम्या. मातीला विश्रांती दिली आहे. मोरीजवळच्या झाडाला फूल आलं. ते झाड माझ्या मार्गदर्शनाखाली घेतलं.

१९ डिसेंबर
तोडणी. एक वांगं. हिरवं, चकचकीत, तीनशे दहा ग्रॅम. देठाचा काटा बोटात गेला तरी मी हसत होतो, असं ही म्हणते. तीनदा तोललं. फोटो ग्रुपवर टाकला, खाली माझं नाव. ही म्हणाली, वांगं मन्हं शे. म्हणे तिचं. दुर्लक्ष केलं.

२२ डिसेंबर
सुकलाल आला. सोबत कपाशीच्या काड्या आणि गोणीभर वांगी. विचारलं, एवढी वांगी कशाला. म्हणाला, साहेब, तुमचा फोन आला त्याच दिवशी लावून टाकली, म्हटलं पार्टीला लागतील. पुढे भावुक होऊन म्हणाला, चौतीस वर्षं गाव आधी तुम्हाला विचारायचं आणि मग उलट करायचं. कधी नुकसान नाही झालं. तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही.

काड्या पेटवल्या. त्याने एकेक वांगं चिरून, आत बघून जाळावर ठेवलं. माझंही मागितलं. दिलं नाही. आदर्श फळाला चीर पाडत नाहीत.

भाजल्यावर सगळ्यांसमोर साल काढली. आत दोन अळ्या. छान भाजल्या होत्या.

ही म्हणाली, वांगं तुम्हनं शे.