कणगीमागचं मीठ

इनामगाव, १२ जानेवारी १९९८

रविदादास,

तू तिकडं दौंडला नोकरीवर, आन् हिथं तुझी बायको मला घालवायच्या तयारीत हाय. नवऱ्यानं टाकल्यापासून सहा महिनं मी उंबरा ओलांडला न्हाई, ते तिला खुपतंय. आधी म्हणाली, शेजारनं विरजण आणा. मग गिरणीवर धाडलं. आता रोज एकच, "वन्सं, मीठ संपलं, दुकानातनं तेवढं आणा." आम्हा दोघींच्या घरात रोज मीठ कसं संपतं? वाटेनं बायका माझ्याकडं बघत्यात. वैताग आणून हाकलायचा डाव, दुसरं काय.

एवढं लिहिलं आन् पत्र लपवायला कणगीमागं हात घातला. मिठाच्या नऊ पुड्या निघाल्या. सगळ्या मीच आणलेल्या.

आपली लांडग्याच्या तोंडातनं वाचलेली मेंढी आठवती? भ्यालेली, वाघरीच्या जाळीबाहेर पडंना, तवा आबा मूठभर मीठ घेऊन रोज दोन पावलं लांब उभे राहायचे, आन् ती मिठाच्या ओढीनं तेवढी बाहेर यायची. वहिनीला हे तूच सांगितलं असशील. माझा संशय अजून पुरता गेला न्हाई.

पत्र पुड्यांखालीच ठेवते. आता वहिनीला हाक मारून सांगते, मीठ संपलंय, मी घेऊन येते.

तुझी,
धनश्री