जावई डोळे मिटतो

३ मार्च

ती. बाबांना सा. नमस्कार वि. वि.

बाबा, आधी खुर्चीत बसा, मग वाचा. माझं लग्न ठरलंय! म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलंय, तुमचा होकार तेवढा राहिलाय. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या प्रयोगशाळेची लिफ्ट अडकली तेव्हा आत मी होते आणि रक्ताच्या चाळीस बाटल्या. मी घाबरू नये म्हणून तो वरून सारखा बोलत राहिला. लिफ्ट सुरू झाली तरी बोलणं काही थांबलं नाही!

रविवारी तो जेवायलाच येतोय, एकटा. मला सुट्टी नाही. एक सांगून ठेवते, तो श्रद्धाळू आहे. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, रविवारी थोडा त्यालाही द्या.

तुमची
खारूताई

१० मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

मुलगा आवडला होता. पाच मजले चढून आला, तरी दम लागला नाही. नोकरीत असताना मी काढलेले नदीवरच्या पुलांचे जुने नकाशे तासभर पाहिले, एका कमानीचं माप चुकलंय हेही दाखवलं. मी खूश! मग ताटं वाढली. मी पहिला घास घेतला, तर हा हात जोडून, डोळे मिटून बसलेला. चांगला मिनिटभर. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नट पान्याने घट्ट होतो, पुटपुटून नाही. शिकलेल्या माणसाला हा खुळेपणा शोभत नाही. तो उठला, ताट ओट्यावर नेऊन ठेवलं, नमस्कार केला आणि गेला.

माझं म्हणणं बरोबरच आहे. पण तेव्हापासून जेवण काही जात नाही.

तुझा
बाबा

१४ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

ज्याला त्याला आपलं मत असू द्यावं, हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना? आणि पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवलंत! तो तुमच्याबद्दल वावगा शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, की त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मग विचारा की! या आठवड्यात तो बाजारापाशी नव्या इमारतीत काम करतोय.

फार रागावलेली
खारूताई

१९ मार्च

चि. खारूताईस खूप खूप आशीर्वाद.

अगं, गेलो होतो! आधी माफी मागितली, मग विचारलं. वाटलं, काहीतरी पटण्यासारखं कारण सांगेल. तर म्हणतो, कोणीतरी ऐकतंय असं वाटतं, बस. म्हटलं, कोणी ऐकत नाही. तो हसून म्हणाला, तसंही असेल. मग आम्ही जे भांडलो! दोन तास, पायरीवर बसून. त्याचा मुकादम दोनदा डोकावून गेला. वर पठ्ठ्या मलाच विचारतो, तुम्हाला भीती वाटते तेव्हा तुम्ही काय करता? तुझी आई गेल्यावर आठ दिवस मी घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढत बसलो होतो. हे तुलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, त्याला सांगून बसलो. तो हसला नाही, खुळेपणा म्हणाला नाही.

खारूताई, मला वाटायचं, त्याला मान दिला म्हणजे मी हरलो. तसं काही झालं नाही. घरी येऊन दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

तारीख तुम्ही दोघांनी ठरवा, माझा होकार धरा. रविवारी या. त्याचं चुकतंच आहे, आणि ते का चुकतं याचे नवे सहा मुद्दे मला सापडलेत. तू ये दुपारी, पण त्याला सकाळीच पाठव.

तुमचा दोघांचा
बाबा