आक्का, खाली बसा

प्रिय आक्का,

परवा भाकरी थापताना माझी सून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, खाली फोड आल्यात. लघवीला गेलं की लय आग व्हायलीय." माझ्या ओठांवर तुमचंच वाक्य आलं होतं, उष्णता असेल, सब्जा खा. ते गिळलं आणि तिला घेऊन परभणीला डॉक्टरबाईंकडे गेले. म्हणून आज लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासून मला रडू येत नाही. भाकरी करते, धुणं धुते. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते.

तुम्हालाही तिथंच आधी खाज, मग पांढरे चट्टे, मग न भरणारी जखम. हे सगळं तुम्ही जांघेत गाठ आल्यावर दवाखान्यात सांगितलंत. तोवर तुरटीचं पाणी, खोबरेल, गुलकंद! पाटावर बसणं सोडलंत तेव्हा गुडघे धरलेत म्हणालात. ताडकळसच्या लग्नात सगळी पंगत म्हणत होती, आक्का, खाली बसा. तुम्ही आपल्या वाढायचं भांडं घेऊन उभ्याच. आक्कांना मिरवायला पाहिजे, म्हणून सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात.

एवढी कसली लाज हो? आपण लिंगायत, आपल्यात विटाळ नाही. पाळीतसुद्धा गळ्यातलं लिंग उतरत नाही, हे शेजारणींना तुम्हीच ठसक्यात ऐकवायच्या. मग एका जखमेचा विटाळ कुठून आणलात? मला तुमचा राग येतो. धाकट्या जावेलासुद्धा सांगू नये?

सुनेचे फोड विषाणूचे निघाले. गोळ्या दिल्यात, नवऱ्यालाही घेऊन या म्हणाल्या. मग मी तुमचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिथं फोड यायची कारणं पुष्कळ असतात. जंतुसंसर्ग, संबंधातून आलेला आजार, कातडीचा रोग, कधी नुसता साबण सोसत नाही. दुखत नाही म्हणून सोडायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत भरलं नाही तर तुकडा काढून तपासायचा. तुमचा कॅन्सर लवकर कळता तर तुम्ही बहुतेक बऱ्या झाल्या असतात. बाहेर येऊन आम्ही दोघींनी चहा घेतला.

तुम्ही गेलात त्या दिवशी रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं. आपल्यात बसवूनच पुरतात ना! कितीतरी महिने जिला टेकता आलं नाही, तिची मांडी घालायला चौघीजणी लागल्या. मी म्हणाले, "हळू घ्या. आक्काला तिथं दुखायलंय." सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आता घरात, भावकीत कुणी बाई एका अंगावर कलून बसली, उभ्यानं जेवली, तर मी तिला जागेचं नाव घेऊन विचारीन. लाजली तर लाजू दे. हाताला धरून दवाखान्यात नेईन आणि ती नीट मांडी घालून जेवेपर्यंत तिला सोडणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
शांता