कोळठाणचा लाल दुवा

२७ नोव्हेंबर २०२५

"नाव सुटनीऽऽ होऽऽ!" सुकराम नावाड्याची हाक आज दुपारी थेट कानाशी आली. साठ-बासष्ट वर्षांपूर्वीची! ती ऐकली की आम्ही पोरं दप्तरं डोक्यावर धरून तापीच्या वाळूतून पळत सुटायचो. नावेत बसलं की कविता सुरू. मी ओळ विसरलो की मागून मेहबूब — पिंजाऱ्याचा — ती पुरी करायचा. शाळेचा काठ येईतो कविता संपायची. वल्ह्यांनाही चाल पाठ झाली असेल.

ते आमचं कोळठाण. पूर आला, गाव उठलं, माणसं पांगली. आम्ही इकडे ब्राह्मणपुरीला आलो. मेहबूब सुरतेला गेला म्हणे. पुढे पत्ता नाही.

आज विकिपीडियावर कोळठाणचा लेख लिहिला.

२८ नोव्हेंबर

लेख उडवला! "काटेकोर" नावाचा कुणी सदस्य आहे. कारण काय, तर "काव्यमय भाषा, संदर्भ नाहीत". "तापीमाईच्या कुशीत विसावलेलं" — यात खोटं काय?

ठीक. मीही मास्तर होतो. लेख नाही तर साचा! साचा म्हणजे लेखाच्या तळाशी बसणारा चौकोन. त्यात काठावरच्या सगळ्या गावांची नावं. एका नावावर, म्हणजे दुव्यावर, बोट ठेवलं की दुसऱ्या गावात. एकदाच लिहायचा, आणि एकतीस गावांच्या एकतीस पानांवर आपोआप उमटतो. ज्याचा लेख असेल ते नाव निळं, नसेल ते लाल. नावं मी तापी वाहते त्याच क्रमानं लावली. सारंगखेड्याच्या अलीकडे कोळठाण — एकटंच लाल. असू दे. नाव तर आहे!

२९ नोव्हेंबर

दोन महिरपी कंस उघडायचे, दोन मिटायचे. एक मिटायचा राहिला आणि एकतीसच्या एकतीस पानं विस्कटली! माझ्या हातून दुसरा पूर.

३० नोव्हेंबर

दिवसभर तो एक कंस शोधला. सूनबाई, दीपमाला, दोनदा येऊन गेली. "दादा, भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी. ते गाव काय पयी जाई ऱ्हायनं का?"

म्हटलं, पोरी, गेलंच ना पळून! तेच तर धरून ठेवतोय.

कंस सापडला. भाकर दगड झालेली.

१ डिसेंबर

काटेकोर पुन्हा! आधी नावं अकारविल्हे लावली. नदी काय अकारविल्हे वाहते? मग चर्चापानावर — लेखामागं वाद घालायची जागा ती — फर्मान: "कोळठाण नावाचे गाव होते याचा छापील पुरावा द्यावा. सात दिवसांत न मिळाल्यास नाव वगळले जाईल."

म्हणजे आठ तारीख. विचारलं, मी तिथं जन्मलो, हा पुरावा नव्हे का? उत्तर: "आठवण हा संदर्भ नाही."

आठवण हा संदर्भ नाही! पुण्यातलं कुठलं तरी पोरगं असणार. तापी नकाशात पाहिलेली.

३ डिसेंबर

पुराव्यासाठी तालुक्याला जाऊन आलो. खिडकीतला माणूस संगणकात बघून म्हणाला, "बाबा, हे गावच नाही." तीन तास उभा होतो हे ऐकायला. माझा शाळेचा दाखला तर पुरातच गेला. कोळठाण पाहिलेली माणसं मी बोटांवर मोजली. एक हात पुरला.

४ डिसेंबर

आज काटेकोरला सुनावलं! धडाधड लिहिलं —

"काटेकोरसाहेब, मी लोटन पाटील, ब्राह्मणपुरी, मारुतीच्या पारासमोर. कोळठाण होतं! सुकरामच्या नावेतून मी आणि मेहबूब पिंजारी रोज शाळेत जायचो. आम्ही काय हवेतून जन्मलो? हिंमत असेल तर समोर या!"

बटण दाबलं. बरं वाटलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

५ डिसेंबर

पुतण्याचा, चंदनचा, सारंगखेड्याहून फोन. घोड्यांच्या यात्रेत आहे. हसू आवरेना त्याला. "आण्णा, काल यात्रानी माहिती काढाले गावनं पान उघाडं, तं खाले तुमनं भांडण! हिंमत व्हयी तं या म्हने! आठे एक घोडावाला इचारी ऱ्हायना, हाऊ पैलवान कोन शे?"

देवा! चर्चापानाऐवजी मी ते साच्यातच लिहिलं होतं. एकतीस गावांच्या पायथ्याशी माझी बोंब — तीही ऐन यात्रेत, सारा मुलूख ते पान उघडत असताना! काटेकोरनं तीन तासांनी काढलं होतं. शेरा: "हा मजकूर चर्चापानावर लिहावा." बस्स. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर

पारावर गेलो नाही. सगळे "पैलवान" म्हणतात.

७ डिसेंबर

उद्या आठ. तास संपला की फळा पुसावा तसं उद्या कोळठाण पुसलं जाईल. डोळे मिटून नावेतली कविता म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्यात अडलो. मागून कुणी पुरी केली नाही.

८ डिसेंबर

सकाळी दारातून हाक: "नाव सुटनीऽऽ होऽऽ!"

चहा सांडला. दारात मेहबूब! पांढरी दाढी, काठी, दात दोनच — पण तोच! दिवाळीपासून नंदुरबारला, मुलाकडे राहायला आलाय. मागे चष्मेवाली मुलगी, हातात झेरॉक्स. खाली बघत म्हणाली, "आजोबा, मी नमिरा. यांची नात. काटेकोर... मीच. वाचनालयात जुन्या गावांची छापील यादी मिळाली. पान एकोणसाठ. कोळठाण आहे."

मेहबूबनं काठी आपटली. "लोटन, ही पोर मन्हंच गाव पुसी ऱ्हायनी व्हती रे! तुन्ही बोंब हिनीच माले वाची दाखाडी. कान धरीसन लई उनू!"