जसं आमी सोडलं

३ जुलै
आजपासून लिवते. नसरापूरला पाळक म्हणाले, दिवसभरात प्रभूनं काय शिकवलं ते रोज दोन ओळी लिहा, पुढं एकमेकांना वाचून दाखवू. माझी शाळा चौथीपातूर. चुका काढणाऱ्यानं काढाव्या.
आज काय शिकवलं? काय न्हाई. तरव्यातली भाताची रोपं लावणीला आली नि कमलनं मला सावडीतनं काढलं. माझी धाकटी जाऊ. सावड म्हंजी सगळ्या बायकांनी मिळून आज हिचं लावायचं, उद्या तिचं, मजुरी कुणी घ्यायची न्हाई. इतकी वर्षं तिच्या खाचरात कंबर मोडली माझी. आता म्हणे नको.
कारण काय, तर लावणीच्या आधी बांधावर कोंबडं कापतात, निवद दाखवतात, तो सगळ्यांनी खायचा. औंदा म्या म्हणलं, काम करीन, निवद खाणार न्हाई.
कमल म्हणाली, "मग हात बी नको लावू. तुझा येशू येईल की लावाय."
म्या म्हणलं, "त्याचं हात खिळ्यांनी फाटल्यात. तुझ्या चिखलात कशाला घालू?"
बायका हसल्या. तिला हसल्या का मला, कळलं न्हाई.

६ जुलै, रविवार
वडापच्या जीपनं नसरापूर. राजगडाला जाणाऱ्या ट्रेकवाल्यांच्या गाड्यांनी मार्गासनीतच अडकलो. निम्मी भक्ती झाल्यावर पोचले.
पाळकांना सांगितलं. म्हणाले, "क्षमा करा ताई." क्षमा करा. पायात बूट, डोक्यावर पंखा, करा क्षमा!
मग म्या उभं राहून सगळ्यांना इचारलं, लावणीला कोण येतं का दोन दिवस? सगळ्यांनी डोळं मिटलं. म्हणाले, प्रार्थनेत आठवण ठेवू.
प्रभू, तू बघितलंस ना.

९ जुलै
लावणी सुरू. मी एकटी. ह्यांचं ऑपरेशन झाल्यापासनं वाकाय बंदी हाय. बांधावर बसून रोपांच्या मुठ्या फेकतात. नेम बरा न्हाई, दोन माझ्या पाठीत बसल्या.
खालच्या खाचरात कमलची लावणी. धा-बारा बायका, गाणी चालू. गाण्यात माझं नाव घालून काय तरी म्हणल्या नि फिदीफिदी. मी बी येशूचं गाणं काढलं, मोठ्यानं. दोन कडव्यांत दम लागला. तोंडात चिखल गेला तो येगळाच.
हे म्हणाले, "म्हण की पुढं. बरं चाललं होतं."
हे निवद खातात, भंडारा लावतात, नि माझ्या प्रार्थनेला शेजारी येऊन बसतात. म्हणतात, मला दोन्हीकडनं वळख असू दे.

१३ जुलै
भक्तीला गेले न्हाई. लावणी राहिलीय.
खेकड्यानं बांधाला भोक पाडलं. निम्मं पाणी गळून गेलं, सकाळी बघते तर रोपं उघडी. पाळक असते तर म्हणाले असते, पाप असंच असतंय, बारीक भोक नि सगळं खाचर रिकामं. पटलं मला.
मग हात घालून खेकडा काढला. आणखी चार घावले. रस्सा केला. पापाचा रस्सा हुत न्हाई, तेवढाच फरक.

१७ जुलै
झाली एकदाची लावणी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. हळद-तेल लावलं. चप्पल घालवत न्हाई, काढवत न्हाई. शेवटचं कोपऱ्यातलं रोप वाकडं लागलंय ते घरातनं बी दिसतंय.
प्रार्थना केली न्हाई. तूच माझ्यासाठी कर म्हणलं आज.

२९ जुलै
पावसानं ताण दिलाय. ढग येतात, तोंड दाखवून जातात.
आमच्या खाचराच्या वर खडकातनं झरा पाझरतो. तो पहिला आमच्यात येतो. आमचं भरलं की बांधाचं तोंड उकलायचं, खाली कमलच्यात सोडायचं. वाटण्या केल्या तवा सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. लिहिलेलं न्हाई कुठं.
आज ते तोंड म्या बुजवलं. दगड, माती, वर गवताचं ढेकूळ. खोऱ्यानं ठोकून ठोकून.
लई दिसांनी बरं वाटलं. हे प्रभूनं शिकवलं न्हाई. माझं मीच शिकले.

३१ जुलै
एक घोटाळा झालाय.
आपल्या रोजच्या प्रार्थनेत क्षमेच्या ओळीत ऋण म्हणून शबुद हाय. माझ्या जिभंला तो वळत न्हाई. म्हणून पहिल्यापासनं मी तो गाळते नि नुसतं म्हणते, जसं आमी सोडलं तसं तू सोड. पाळकांनी एकदा ऐकलं, म्हणाले, चालतंय ताई, देवाला कळतं.
आज सोडलं म्हणायला तोंड उघडलं नि डोळ्यापुढं बांधच आला. गवताचं ढेकूळ. काय सोडलं मी? पाणी तर धरून बसलेय.
तिथंच थांबले.
हे म्हणाले, "पुढचं इसरलीस?"
"न्हाई."
"मग?"
"तुमी गप बसा."
ऋण म्हणाय आलं असतं तर बरं झालं असतं. त्या शबुदात पाणी न्हाई.

३ ऑगस्ट, रविवार
पाळकांनी सांगितलं, देव चांगल्यावर बी पाऊस पाडतो नि वाईटावर बी, सारखाच. मला बघून सांगितलं का उगीच, ठावं न्हाई. ह्यांनी फोन केला असंल काय? ह्यांना फोन लावता येत न्हाई म्हणा.
देवाचं काय जातंय सारखा पाडायला. त्याला खाचर न्हाई, जाऊ न्हाई. नि सध्या तर पाडत बी न्हाई.
मग म्हणाले, ताई, तुमचं वाचा. खेकड्याचं वाचलं. सगळी पोट धरून हसली. "लई भारी साक्ष, ताई!" पुढची पानं अंगठ्यानं दाबून धरली.

५ ऑगस्ट
कमलच्या खाचराला भेगा. रोपांचं शेंडं पिवळं पडल्यात. माझ्यात घोट्याएवढं पाणी, हिरवंगार.
ती वर बघत न्हाई. दीर शिरवळच्या कंपनीत, आठवड्यानं येतो. एकटीच ओढ्याच्या डबक्यावरनं हंडा भरून आणते नि रोपांच्या मुळाशी वतते. हंड्यानं भात जगतं व्हय? म्या बांधावर उभं राहून बघितलं. लाज वाटली नि त्याचा आणखी राग आला. मागावं की तोंडानं! आक्का, पाणी सोड. एवढं म्हणाय काय दात पडतात? म्हणत न्हाई. सावडीतनं काढल्यापासनं आक्का बी म्हणत न्हाई.
हीच कमल लग्न होऊन आली तवा रोप उलटं धरत होती. अंगठ्यानं मूळ दाबायचं हे म्या दाखवलं.
हे सांजच्याला म्हणाले, "आबांची रीत मोडू नगंस."
"भावजयीचा पुळका."
"भाताचा हाय. भात तुझ्या येशूचं बी न्हाई नि आमच्या देवीचं बी न्हाई. वाळतंय ते."
म्या ताट आपटलं. मग उचलून त्यांनाच वाढलं.

६ ऑगस्ट
ठरवलं. उद्या सोडणार. पण गुपचूप न्हाई. बायका कामाला निघतात तवा तिला हाक मारून, समद्यांच्या देखत. बघू दे सगळ्यांना येशूवाली काय असती.
प्रभू, हे तुला आवडणार न्हाई, ठावं हाय. पण याच्याशिवाय माझ्यानं हुत न्हाई.

७ ऑगस्ट
अक्षर बघा कसं आलंय.
सकाळी खोरं घेऊन गेले. बांध फोडलेला. दगड बाजूला, ढेकूळ खाली फेकलेलं, पाणी धो धो कमलच्यात. ती तिथंच उभी, हातात खोरं. लपली बी न्हाई.
"फोडलंस?"
"व्हय. फोडलं. सासऱ्यांचं पाणी हाय ते. येशूचं न्हाई."
"मी आजच सोडणार होते!"
"हां. आजच."
"खरं सांगते!"
"भात मेल्यावर सोडणार होतीस. वर फुलं घालाय."
कोण माझं खरं मानणार? ह्यांना सुद्धा सांगितलं नव्हतं. जे मी देणार होते ते हिनं चोरलं. द्यायचं बी चोरलं. आता क्षमा करायची ती कशाची, नि सोडायचं तरी काय उरलं, सांग की प्रभू! एवढी भांडून भांडून मन वळवलं होतं, तुझ्याशी, ह्यांच्याशी. आयतं घेऊन गेली.
मी बांधात उतरून तोंड बुजवाय लागले. दगड लावला, माती वढली. कमल ओरडली, "बुजव! बुजव! हेच शिकवतात काय नसरापूरला!" वाटंनं चाललेल्या बायका थांबल्या. समद्यांच्या देखत, माझ्या मनासारखं. फक्त उलटं.
पाणी थांबलं.
मग म्या खोरं उचललं नि तेच तोंड पुन्हा फोडलं. तिनं फोडलं होतं त्याच्या दुप्पट.
कमल म्हणाली, "आत्ता बुजवलंस कशाला नि फोडलंस कशाला?"
"मला माझ्या हातानं सोडायचं होतं म्हणून!"
"येडी झालीस."
"व्हय. जा, खालचा बांध बघ तुझा. एवढं पाणी त्याला पेलायचं न्हाई."
ती पळाली. पळताना तिचं पाय बघितले. बोटांच्या बेचक्यांत हळद-तेल. माझ्यासारखंच.
राग गेला असं न्हाई. कुणी वाचणार असंल त्यानं तसं समजू नये.

१० ऑगस्ट, रविवार
नसरापूरला गेले न्हाई. पाळकांनी साक्ष मागितली असती. कसली देऊ? फोडलं तिनं, बुजवलं म्या, फोडलं म्या. ह्यात प्रभू कुठनं आत आला ते मलाच अजून कळलं न्हाई.
दुपारी खालनं हाक आली. "ओ आक्का! माझं भरलं. बुजवा आता."
आक्का म्हणाली. ओ म्हणाली, बुजवा म्हणाली, परक्या बाईला म्हणतात तसं. दोन्ही एका हाकंत. सावडीचं काय बोलली न्हाई. कापणीला घेती का न्हाई, मी बी इचारलं न्हाई. गेले, बुजवलं, आले.
सांजच्याला प्रार्थनेला बसले. हे शेजारी. जसं आमी सोडलं, हितवर आले. आज अडकायचं कारण नव्हतं. पाणी सोडलंय, अख्ख्या वाडीनं बघितलंय. पण ते "येशू येईल की लावाय" अजून कानात हाय, नि त्या हसणाऱ्या बायका. तेवढं अजून धरलंय.
लई वेळ झाला. ह्यांची मांडी आखडली.
"आमेन म्हणू का मी?"
म्हणलं, थांबा.