काळ्या काठाची पाकिटं

ग्योटिंगेन,
५ फेब्रुवारी १९८८

चि. गेझिने हिस,
फोल्कमारदादाचे अनेक आशीर्वाद.

ओनो गेल्याचं मला कोणी कळवावं, तर तुमच्या लेअरच्या वर्तमानपत्राने! ते मी अजून टपालाने मागवतो म्हणून समजलं तरी. निधन कळवणारं काळ्या काठाचं पाकीट अजून आलेलं नाही. तुमच्या पोस्टाचा कारभार पहिल्यापासून असाच आहे.

निधनाच्या जाहिरातीखाली 'मित्र' म्हणून कोणाची नावं छापलीत ते पाहिलंस का? नळ दुरुस्त करणारा वियार्ड आणि धुरावर मासे भाजणारा तामो! अगं, अशा लोकांसाठी आपल्याकडे 'कुम्पेल' हा चांगला धडधाकट शब्द आहे. एकत्र बिअर प्यायली, क्लबात चेंडू टाकून लाकडी खुंट्या पाडल्या, पाठीवर थाप मारली की झाला कुम्पेल. त्याच्याही खाली 'बेकान्टर', नुसता ओळखीचा. रस्त्यात दिसला की टोपी उचलायची आणि चालू लागायचं. 'फ्रॉइंड', म्हणजे मित्र, हा शब्द माणसाने जन्मात दोनदा-तीनदाच वापरावा. चाळीस वर्षं वर्गात घसा कोरडा करून मी हेच शिकवलं. आता बघावं तर मासेवालासुद्धा मित्र.

ओनोला मित्र एकच, हे शाळेपासून सगळ्या गावाला ठाऊक आहे. शुक्रवारी कबरीपाशी मीच बोलेन. भाषण तयार आहे, सात पानांचं. त्याच्या मुलीला, आल्मुटला सांग, पहिल्या रांगेत माझी जागा धर म्हणावं. आणि त्या नळवाल्याला बोलू देऊ नका. तो ओनोच्या तुंबलेल्या मोरीची आठवण काढेल.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा दादा

लेअर,
८ फेब्रुवारी १९८८

ती. दादास,
गेझिनेचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचता वाचता चहा इतका गार झाला की खडीसाखर तळाशी तशीच राहिली.

पोस्टाला नावं ठेवू नकोस. आल्मुटने पाकिटं माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिली आणि तिकिटं मी चिकटवली. ओनोने डिसेंबरातच यादी करून ठेवली होती. मित्रांना पाकीट, ओळखीच्यांना वर्तमानपत्र पुरे, आपल्याकडची रीतच ती. मित्रांत दोनच नावं, वियार्ड आणि तामो. तुझं नाव दुसऱ्या पानावर, ओळखीच्यांत, दातांचा डॉक्टर आणि धुराडी साफ करणारा यांच्या मधोमध. मी म्हटलं, चूक झाली असेल. आल्मुट म्हणाली, बाबांनी आधी पहिल्या पानावरच लिहिलं होतं, मग खोडलं.

कारण विचारू नकोस, मीच सांगते. बायको गेल्यावर त्याने तुला विचारलं होतं, आठवडाभर तुझ्याकडे येऊन राहू का. तू त्याला एका लॉजचा पत्ता पाठवलास, नाश्ता उत्तम मिळतो म्हणून. पुढे दोन वर्षं आठवड्यातून तीनदा त्याला इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करायला कोणी नेलं? नळवाल्याने, तामोच्या त्या मासळीचा वास मारणाऱ्या गाडीतून. आणि तू? त्याने लिहिलेल्या पत्रांतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत धाडत होतास. ती सगळी आल्मुटला कपाटात सापडली. मला तर तुझी बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटली.

भाषण घरीच ठेव. यायचं तर ये आणि मागे उभा राहा. अंथरूण घालून ठेवते.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
गेझिने

ग्योटिंगेन,
१३ फेब्रुवारी १९८८

चि. गेझिने हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला न भेटताच दुपारच्या गाडीने परतलो. तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

तुझं पत्र आल्यावर दिवसभर मी तुझ्या नावाने बोटं मोडली. ओनोला अक्कल कधीच नव्हती, असंही एक लांबलचक उत्तर लिहिलं आणि फाडलं.

काल भाषण खिशात होतंच, खोटं कशाला बोलू. वियार्ड बोलला. मला वाटलं होतं अगदी तसंच. आधी मोरी, मग बिअर, आणि मग वाक्य अर्धं टाकून रडायलाच लागला. भाषेच्या चार चुका मी मोजल्या. मोजता मोजता मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की पुढच्या मोजायच्या राहूनच गेल्या.

सगळ्यांच्या मागून मीही माती टाकली. वाट गोठलेली होती. पाय घसरला तेव्हा दंड धरला तो वियार्डनेच, आणि फाटकापर्यंत सोडला नाही. तिथे त्याने अदबीने विचारलं, आपण ओनोच्या ओळखीचे का?

मी हो म्हणालो.

तुझा लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
फोल्कमार